वाढलंय की वाढणार? स्कॅनवरून कॅन्सरचा पुढचा धोका कसा ओळखतात

मामाच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला तेव्हा घरात प्रत्येकाने तो आपापल्या परीने वाचला. शेवटच्या ओळीत ‘प्रोग्रेशन’ असा शब्द होता. मामीने चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं, "अगं, म्हणजे वाढलंय, का वाढणार आहे?"

मला नीट सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी परळला डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसातली गाठ तीन महिन्यांपूर्वी २२ मिलिमीटर होती, आता २८ आहे. म्हणजे वाढलंय. पुढे किती आणि कधी वाढेल, हे मात्र या फोटोवरून आज सांगता येणार नाही. त्यांनी औषध बदललं. मामा लालबागला घरीच आहे, दर तीन महिन्यांनी स्कॅनला जातो.

मामीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण गेली दहा-बारा वर्षं जगभर नेमक्या याच प्रश्नावर काम चाललं आहे. स्कॅनमधून ‘वाढलंय का’ हे कळतंच, पण ‘वाढेल का’ हेही कळू शकेल का? ‘एका स्कॅनवरून सहा वर्षांचा धोका सांगणारं एआय’ अशा बातम्या येतात त्या यातूनच. त्या वाचून कुणाला ही ज्योतिषाची नवी पेटी वाटते, तर कुणी लगेच चौकशी करतं की आपल्याकडे हे कुठे करून मिळेल. दोन्ही माणसं घाबरलेलीच असतात, म्हणून हा विषय मामीला समजेल असा लिहून काढावासा वाटला.

आज स्कॅनवरून नेमकं काय ठरतं?

आधी ‘वाढलंय’ कशाला म्हणतात ते बघू. गाठ जराशी मोठी दिसली की लगेच प्रोग्रेशन असं नसतं. श्वास कमी-जास्त घेतला, स्कॅनमधला काप, म्हणजे शरीराचा आडवा छेद, थोडा वेगळ्या जागी पडला, मोजणारा माणूस बदलला, तरी एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून जगभरातल्या कॅन्सरतज्ज्ञांनी मोजणीचे नियम ठरवले आहेत. त्यांना ‘रेसिस्ट’ म्हणतात. पहिली आवृत्ती २००० साली आली, सुधारित आवृत्ती २००९ साली. ठरावीक गाठींची सर्वात लांब बाजू मोजायची आणि बेरीज करायची. ही बेरीज उपचारादरम्यानच्या सर्वात लहान बेरजेपेक्षा किमान २० टक्के वाढली आणि ती वाढ निदान ५ मिलिमीटर असली, तर प्रोग्रेशन. उपचाराआधीच्या बेरजेपेक्षा किमान ३० टक्के कमी झाली, तर औषध लागू पडतंय. मामाची गाठ ६ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे २७ टक्के वाढली होती, म्हणून तो शब्द रिपोर्टात आला.

मुंबईत जुन्या इमारतीत राहिलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. भिंतीला भेग पडली की इंजिनियर तिच्यावर काचेची छोटी पट्टी चिकटवून जातो. भेग रुंदावली की काच तडकते. रेसिस्ट म्हणजे ती काचेची पट्टी. साधी, भरवशाची, कुणालाही कळणारी. पण काच तडकते ती भेग रुंदावल्यावर. आधी काही सांगत नाही.

फोटो दिसतो, पण आत आकडे असतात

स्कॅन सेंटरमधून मोठ्या पाकिटात काळ्या फिल्म मिळतात, त्यांनाच आपण स्कॅन समजतो. वास्तविक सीटीचं यंत्र फोटो काढतच नाही. ते शरीराभोवती फिरून क्ष-किरण किती अडले हे मोजतं आणि त्यावरून शरीराच्या प्रत्येक बारीक ठिपक्याला एक आकडा देतं. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबीला उणे १००च्या आसपास, स्नायूला ४०-५०, हाडाला कित्येक शे. या आकड्यांना सीटीचा शोध लावणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचं नाव आहे. त्यांना १९७९चं नोबेल मिळालं.

एका कापात साधारण ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून जास्त ठिपके असतात. छातीच्या स्कॅनमध्ये असे तीनशे काप धरले, तर जवळपास आठ कोटी आकडे होतात. फिल्मवर छापताना यातले मोजकेच काप निवडतात, आणि हजारो छटांमधल्या डोळ्याला ओळखता येतील एवढ्याच उरतात. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारे डॉक्टर, संगणकावर सगळे काप बघतात. पण शेजारच्या दोन ठिपक्यांत ४२ आणि ४७ असे आकडे असतील तर तो फरक कुणाच्याच डोळ्याला दिसत नाही. आकड्यांना मात्र तो आहे.

ही न दिसणारी माहिती बाहेर काढून तिचा रोगाच्या पुढच्या वाटचालीशी संबंध लावायचा, या शास्त्राला ‘रेडिओमिक्स’ म्हणतात. हा शब्द २०१२च्या सुमारास रूढ झाला. यापुढे मी त्याला ‘आकड्यांचं वाचन’ म्हणेन.

भेगेची लांबी आणि भिंतीची ओल

इमारतीकडेच परत येऊ. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. ऑडिट करणारा माणूस नुसती भेगेची लांबी लिहून घेत नाही. प्लास्टरवर हातोडीने टकटक करून आवाज बद्द येतोय का ऐकतो. गंजाचे तपकिरी ओघळ बघतो. ओल एकाच कोपऱ्यात आहे की कॉलमच्या बाजूने पसरली आहे, हे बघतो. दोन इमारतींच्या भेगा सारख्याच लांबीच्या असतील, पण एकीची फक्त डागडुजी लागेल आणि दुसरी ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक, म्हणून पावसाळ्याआधी रिकामी करावी लागेल. फरक भेगेच्या आजूबाजूला असतो.

गाठीचंही तसंच. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीला रक्तपुरवठा पुरत नाही. तिचे काही भाग उपाशी राहतात, काही मरतात, तिथे स्कॅनमधले आकडे घसरतात. शेजारीच दुसरा भाग भरपूर रक्त ओढत असतो, तिथे स्कॅनच्या वेळी इंजेक्शनने दिलेलं रंगद्रव्य जास्त पोचतं आणि आकडे चढतात. म्हणजे गाठ आतून ठिगळांची होते. आजूबाजूच्या पेशींत घुसणाऱ्या गाठीची कडा गुळगुळीत राहत नाही, काटेरी होते. ज्या भागांना प्राणवायू कमी मिळतो तिथे रेडिएशनचा, म्हणजे घरोघरी ज्याला ‘शेक’ म्हणतात त्याचा, परिणाम कमी होतो. म्हणून ही ठिगळं मोजता आली तर गाठ पुढे कशी वागेल याचा काही अंदाज यावा, असा हा तर्क आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो, कारण त्याच्यामागे गाठीच्या जगण्यातलं कारण आहे.

ठिगळं मोजायची एक रीत मूळ वैद्यकातली नाहीच. रॉबर्ट हॅरॅलिक आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली पोत मोजण्याची पद्धत मांडली ती वाळूच्या खडकांचे सूक्ष्मदर्शकातले फोटो आणि विमानातून, उपग्रहातून घेतलेली जमिनीची चित्रं वेगळी ओळखण्यासाठी. एका छटेच्या शेजारी दुसरी कोणती छटा किती वेळा येते, हे मोजायचं. एकसारख्या शेतात एका हिरव्याशेजारी तोच हिरवा येत राहतो. वस्तीत पत्रा, डांबर, झाड असं काहीही कशाशेजारी येतं. जमिनीसाठी शोधलेलं हे गणित आज फुफ्फुसातल्या गाठीवर चालवलं जातं.

यंत्राला शिकवतात कसं?

दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत माणूस यादी देतो. गाठीचा आकार, कडा, सरासरी छटा, पोत अशी शेकडो मापं काढायची आणि त्यातली कोणती मापं पुढच्या वाढीशी जुळतात ते शोधायचं. ही झाली ऑडिटरच्या हातातली तपासयादी. दुसऱ्या वाटेत यादीच नसते. यंत्रासमोर हजारो स्कॅन ठेवायचे, प्रत्येकासोबत पुढे काय झालं ते सांगायचं, आणि खुणा त्याची त्यानेच शोधायच्या. या दुसऱ्या वाटेला डीप लर्निंग म्हणतात. एखादा पोरगा हजार इमारती आणि त्यांतल्या कोणत्या पुढे कोसळल्या हे बघत बघत शिकावा, तसं. असा पोरगा पुष्कळदा बरोबर सांगतो, पण ‘कशावरून?’ विचारलं तर त्याला नीट सांगता येत नाही.

दोन्ही वाटांना एक गोष्ट लागते, आणि बातम्यांत तिच्याबद्दल फारसं येत नाही. ती म्हणजे शेवट माहीत असणं. स्कॅन तर लाखो पडले आहेत. त्या प्रत्येक माणसाचं पुढे काय झालं? दोन वर्षांनी गाठ वाढली का, दुसरीकडे पसरली का, माणूस आहे का? टाटा मेमोरियलच्या दारात उभं राहिलं की कळतं हे किती कठीण आहे. बिहार, बंगाल, विदर्भ, खानदेश, कुठून कुठून माणसं येतात, धर्मशाळेत किंवा फुटपाथवर राहून उपचार घेतात आणि गावी जातात. त्यातली काही पुन्हा येऊच शकत नाहीत. भाड्याचे पैसे नसतात, मोबाइल नंबर बदललेला असतो. त्यांचा स्कॅन रुग्णालयाकडे राहतो, पण गोष्ट अर्धवट राहते. आणि अशा अर्धवट गोष्टी सरसकट वगळल्या, तर यंत्र फक्त परत येऊ शकलेल्या माणसांवरून शिकतं. ज्यांचं सगळ्यात वाईट झालं असण्याची शक्यता आहे, तेच त्याच्या शाळेतून गळतात.

म्हणून मला एआयच्या बातमीपेक्षा नोंदी ठेवणाऱ्या माणसांचं काम मोठं वाटतं. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. तेव्हापासून रुग्णालयांत जाऊन वहीत, कार्डांवर आणि आता संगणकावर ज्यांनी नोंदी केल्या, त्यांच्यामुळे आपल्याला शहरातल्या कॅन्सरचं काही खात्रीने बोलता येतं.

"हे तर गाठ मोठी आहे एवढंच सांगतंय ना?"

ही शंका फार चांगली आहे, आणि संशोधकांनी ती स्वतःच काढली.

२०१४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक अभ्यास आला. फुफ्फुसाच्या आणि डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १,०१९ रुग्णांच्या सीटीमधून ४४० मापं काढली होती, आणि त्यातल्या मोजक्या मापांवरून रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज बांधता येतो असं दाखवलं होतं. या क्षेत्राला खरी प्रसिद्धी तिथून मिळाली. पुढे २०१९ साली टोरांटोच्या संशोधकांनी त्याच पद्धतीची उलटतपासणी केली. त्यांनी गाठीच्या आतले ठिपके पत्त्यांसारखे पिसून टाकले. म्हणजे पोत पूर्ण उद्ध्वस्त, गाठीचा आकार तेवढाच. तरीही अंदाज जवळपास तितकाच बरोबर येत राहिला! म्हणजे ती मापं पोताच्या नावाखाली मुख्यतः गाठ किती मोठी आहे हेच मोजत होती. मोठी गाठ वाईट, हे तर मामीलाही माहीत आहे.

यावरून सगळं क्षेत्र पोकळ आहे असं कुणी समजू नये. त्या तपासणीनंतर चांगल्या संशोधकांनी सवयच लावून घेतली की आधी साध्या मापांवर अंदाज बांधायचा : वय, कॅन्सरची पायरी (स्टेज), गाठीचं आकारमान. मग नवं वाचन त्यात भर घालतं का ते बघायचं. पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा एवढंच शोधा, की डॉक्टरला आधीच माहीत असलेल्या गोष्टींपेक्षा याने किती जास्त सांगितलं? बातमीत ते नसेल तर बातमी अर्धीच आहे.

दुसरा सापळा पाठांतराचा. शंभर रुग्ण आणि हजार मापं असली की योगायोगाने काही मापं उत्तराशी जुळतातच. अपेक्षित प्रश्नसंच पाठ केलेला मुलगा त्याच प्रश्नांना पैकीच्या पैकी मिळवतो आणि बोर्डाच्या पेपरात अडखळतो. म्हणून यंत्राची परीक्षा त्याने कधीही न पाहिलेल्या रुग्णांवर घ्यावी लागते, आणि शक्यतो दुसऱ्याच रुग्णालयातल्या.

"परदेशात शिकलेलं यंत्र मुंबईत चालेल?"

जसंच्या तसं चालेल असं धरून चालू नये. २०१८ साली अमेरिकेत छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं एक यंत्र तपासलं गेलं. स्वतःच्या रुग्णालयांत ते हुशार होतं, बाहेर गेल्यावर पाचपैकी तीन तुलनांमध्ये घसरलं. खोलात गेल्यावर दिसलं की एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे ते चित्रावरून जवळजवळ अचूक ओळखत होतं. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त असतील तर तेवढ्या ओळखीवरही बरंच बरोबर सांगता येतं, फुफ्फुस न बघता.

सीटीच्या आकड्यांना निदान पाण्याचा शून्य असा आधार आहे. एमआरआयच्या छटांना तसा सर्वमान्य शून्य नाही, एका यंत्रावरचा ३०० दुसऱ्यावर ५०० असू शकतो. सीटीतही कापाची जाडी, रंगद्रव्याची वेळ, चित्र बनवण्याची रीत बदलली की पोताची मापं बदलतात. पोळीचा मऊपणा मोजायचा आणि प्रत्येक घरी कणीक वेगळी मळलेली, अशी ही अडचण आहे. निदान मोजणीची व्याख्या तरी सगळीकडे एक असावी म्हणून एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२० साली १६९ मापांची प्रमाणित व्याख्या जाहीर केली.

आणि मुंबईची स्वतःची गोष्ट आहे टीबीची. आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या फुफ्फुसात जुन्या टीबीचे व्रण असतात, अनेकांना आपल्याला तो कधी होऊन गेला हे ठाऊकही नसतं. स्कॅनवर असा व्रण कधीकधी अगदी कॅन्सरच्या गाठीसारखा, काटेरी कडांसकट दिसतो. जिथे टीबी विरळा आहे अशा देशात शिकलेल्या यंत्राने असे व्रण फारसे पाहिलेलेच नसतात. तोंडाच्या कॅन्सरचंही असंच. तंबाखू, गुटखा, मिश्री गालात धरण्याच्या सवयीमुळे आपल्याकडे गालाच्या आतला आणि हिरडीचा कॅन्सर जास्त. पाश्चात्त्य देशांत घशातला, विषाणूमुळे होणारा प्रकार जास्त, आणि तो वेगळा वागतो.

त्यामुळे आपल्या माणसांचे स्कॅन, आपल्या यंत्रांवर काढलेले आणि पुढच्या नोंदींसकट साठवलेले, हे मुळात हवं. टाटा मेमोरियलने आयआयटी मुंबई आणि देशातल्या इतर काही संस्थांबरोबर अशी स्कॅनची पेढी उभारायला घेतली आहे आणि सुरुवात डोकं-मान आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरपासून केली आहे. मला ही निवड अगदी योग्य वाटते.

"धोका ७० टक्के म्हणजे मला होणारच?"

नाही. समजा यंत्राने सांगितलं, दोन वर्षांत वाढ होण्याचा धोका ७० टक्के. याचा अर्थ, तुमच्यासारखा स्कॅन असलेल्या शंभर जणांपैकी सत्तरेक जणांत गाठ वाढली. तुम्ही सत्तरांत की तिसांत, हे तो आकडा सांगत नाही. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला ७३. ‘मुंबईतला पाऊस’ असा एकच आकडा त्या दिवशी कलिन्यातल्या माणसाच्याही कामाचा नव्हता आणि कुलाब्यातल्याही.

यंत्राची ‘अचूकता’ वाचतानाही जपायला हवं. एमआयटी आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०२३ साली ‘सिबिल’ नावाची प्रणाली मांडली. कमी मात्रेच्या, म्हणजे कमी किरण वापरणाऱ्या, एकाच सीटीवरून ती पुढच्या सहा वर्षांतला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सांगते. म्हणजे गाठ वाढेल का याच्याही एक पाऊल आधीचा प्रश्न : होईल का? पहिल्या वर्षासाठी तिचा गुण अमेरिकेतल्या चाचणीत ०.९२ होता. हा गुण कसा वाचायचा? एक पुढे कॅन्सर झालेला आणि एक न झालेला अशा जोड्या केल्या, तर शंभरातल्या ९२ जोड्यांत यंत्राने योग्य माणसाला जास्त धोक्याचा ठरवलं. हे उत्तमच आहे. पण ‘धोका आहे’ म्हटलेल्या शंभरातल्या ९२ जणांना कॅन्सर होतो, असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

एक हिशेब करून बघा. हजार माणसं, त्यातल्या दहांना खरंच रोग होणार आहे. एखादी तपासणी दहातल्या नऊंना पकडते आणि निरोगी ९९० जणांपैकी फक्त दहा टक्क्यांना चुकून धोक्यात टाकते. म्हणजे नऊ खरे, ९९ खोटे. इशारा मिळालेल्या १०८ माणसांत खरे नऊच. बाकीच्या ९९ घरांत त्या रात्री कुणी झोपणार नाही. आकडा समजून सांगणारा माणूस समोर नसेल, तर तो आकडा रुग्णाच्या हातात देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

"कळून उपयोग काय?"

माझ्या मते सगळ्या लेखाचा गाभा हाच प्रश्न आहे. धोका कळल्यावर वेगळं काही करता येत असेल, तरच तो कळण्याला अर्थ.

याचं उत्तम उदाहरण मुंबईतलंच आहे. तोंडाचा कॅन्सर लहान असताना आणि मानेत हाताला काही लागत नसताना, मानेतल्या लसिका ग्रंथी, म्हणजे अवधाणाच्या गाठी येतात त्या जागा, लगेच काढाव्यात की नंतर गाठ दिसली तर काढाव्यात? यावर वर्षानुवर्षं वाद होता. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली आणि निकाल २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ग्रंथी लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबून काढलेल्यांपैकी ६७.५ टक्के. वाद मिटला, अनेकांचे प्राण वाचले.

पण या रुग्णांपैकी बहुतेकांच्या मानेत रोग लपलेला नसतोच. काही थोड्यांना वाचवण्यासाठी सगळ्यांची मान उघडावी लागते, आणि नंतर काहींचा खांदा दुखतो, हात वर करायला त्रास होतो. आता समजा सीटीच्या आकड्यांवरून खात्रीने सांगता आलं की या रुग्णाच्या मानेत काही नाही. मग त्याची ती शस्त्रक्रिया टळेल. आकड्यांच्या वाचनाकडून मला खरी आशा इथे आहे. जास्त धोका असणाऱ्याला घाबरवण्यापेक्षा कमी धोका असणाऱ्याला सोडवण्यात याचं मोल अधिक. अर्थात ८० विरुद्ध ६७.५ एवढा फरक समोर असताना नुसत्या जुन्या स्कॅनवरच्या अभ्यासावर विसंबून कुणाची शस्त्रक्रिया टाळता येणार नाही. त्यासाठी तशीच, रुग्णांचे दोन गट करून घेतलेली चाचणी लागेल.

अशा चाचण्या होऊ शकतात, हे स्वीडनने दाखवलंय. तिथे ८० हजारांवर स्त्रियांच्या मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे, तपासणीत एका गटाचे फोटो नेहमीप्रमाणे दोन डॉक्टरांनी वाचले, दुसऱ्या गटात एआयने धोका ठरवून कोणता फोटो एकाने आणि कोणता दोघांनी वाचायचा ते ठरवलं. २०२३ साली आलेल्या पहिल्या निष्कर्षांत एआयच्या गटात कॅन्सर कमी सापडले नाहीत, आणि वाचनाचं काम ४४ टक्के कमी झालं.

"मग बायोप्सी कशाला? आणि डॉक्टर तरी?"

बायोप्सी लागतेच. कॅन्सर आहे की नाही आणि कोणत्या प्रकारचा, हे पेशी बघूनच ठरतं. औषध निवडायला लागणारे जनुकीय बदलही तिथूनच कळतात. सुई गाठीच्या एकाच जागेतला तुकडा आणते, स्कॅन सगळी गाठ एकदम बघतो आणि पुन्हा पुन्हा बघू शकतो. दोघांची कामं वेगळी.

आणि डॉक्टर? मामाचं औषध बदलताना त्यांनी स्कॅन तर बघितलाच, पण मामा लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्यावर चढून येऊ शकतो का, जेवतो किती, हेही विचारलं. ते आठ कोटी आकड्यांत नव्हतं.

"आपण आजच स्कॅन करून घ्यावा का?"

लक्षण नाही, जोखीम नाही, तरी केवळ भीतीपोटी पूर्ण शरीराचा सीटी स्कॅन करू नये. त्यात किरणोत्सर्ग असतो आणि निरुपद्रवी गाठी सापडून पुढच्या तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लागतं. कमी मात्रेच्या सीटीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले, हे अमेरिकेतल्या ५३ हजार लोकांच्या चाचणीत २०११ साली दिसलं. पण ती सगळी ५५ ते ७४ वयाची, वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेली माणसं होती. आणि तिथेही ‘संशयास्पद’ ठरलेल्या शंभर स्कॅनपैकी ९६ मध्ये कॅन्सर निघाला नाही. टीबीचे व्रण असलेल्या आपल्या शहरात तर जास्तच जपून. ज्यांनी खूप सिगारेट-विडी ओढली आहे त्यांनी छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. गालात पांढरा चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर कोणत्याही एआयची वाट न बघता या आठवड्यात तोंड दाखवून यावं.

सीडी मागून घ्या

घरात कुणाचा कॅन्सरचा उपचार चालू असेल तर एक काम मात्र आजच करा. मामाचा पहिला स्कॅन एका खासगी सेंटरमध्ये झाला होता. त्यांनी फिल्म आणि रिपोर्ट दिला. सहा महिन्यांनी मूळ चित्रं मागायला गेलो तेव्हा कळलं की ती पुसली गेली आहेत. फिल्मवर वीसेक चौकटी होत्या, बाकीचे काप कायमचे गेले. पुढच्या डॉक्टरांना तुलना करायला त्या चौकटींवर पट्टी ठेवून मोजावं लागलं.

तेव्हा स्कॅन झाला की काउंटरवर ‘डायकॉम सीडी’ मागा. डायकॉम म्हणजे सगळे काप, सगळे आकडे जसेच्या तसे ठेवणारी फाइल. मोबाइलवर आलेले फोटो किंवा पीडीएफ म्हणजे डायकॉम नव्हे. घरी आल्यावर ती संगणकावर उघडते का बघा, तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. पुढचा स्कॅन जमेल तर त्याच सेंटरमध्ये काढा, म्हणजे कणीक तीच राहील. रुग्णालयाने संशोधनासाठी स्कॅन वापरायची संमती मागितली तर कागद वाचून, नाव आणि नंबर काढून टाकणार ना हे विचारून मग सही करा. डोक्याच्या स्कॅनमधून चेहराही उभा करता येतो, म्हणून तोही पुसणार का, हे विचारायला संकोचू नका. आणि सही केलीत तर पत्ता, फोन बदलल्यावर तो रुग्णालयात नक्की कळवा.

मामाच्या आताच्या चारही सीडी मामीने साबुदाण्याच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात तारीख आहे आणि खाली गाठीचं माप, मिलिमीटरमध्ये.